शंभराच्या आत, शंभराच्या बाहेर: सुमीत नागलचं प्रकरण

यूएस ओपन २०२३. भारताचा टेनिसपटू सुमीत नागल पात्रता फेरीतला पहिलाच सामना हरला आणि २२,००० डॉलर घेऊन परतला. यूएस ओपन २०२४. नागल पुन्हा पहिलाच सामना हरला, या वेळी मुख्य फेरीत, टॅलन ग्रीकस्पूरकडून सरळ सेटमध्ये. मिळाले १,००,००० डॉलर. शहर तेच, सामना एकच आणि निकालही तोच. बदलली होती फक्त एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या संघटनेची, क्रमवारी. ती दीडशेच्या पलीकडून सत्तरीच्या घरात आली होती आणि वरचे ७८,००० डॉलर त्या बदलाचे होते.

पुरुषांच्या टेनिसची क्रमवारी म्हटलं की आपलं लक्ष पहिला कोण, दुसरा कोण इथेच असतं. सिनर, अल्काराझ, जोकोविच. त्यांच्या दृष्टीने क्रमवारी हा मानाचा मामला, पोटाचा नाही. पोटाचा मामला सुरू होतो नव्वद ते दीडशेच्या पट्ट्यात. तिथे पाच-दहा जागा इकडेतिकडे झाल्या की वर्षाचा हिशेब फिरतो. नागल या पट्ट्यातून २०२४ मध्ये वर गेला आणि २०२५ मध्ये खाली आला. व्यवस्था नेमकी चालते कशी, हे समजून घ्यायला यापेक्षा बोलकं उदाहरण आपल्याकडे नाही.

नऊशे युरो

सप्टेंबर २०२३ मध्ये नागलने पीटीआयला मुलाखत दिली. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. खात्यात ९०० युरो आहेत, म्हणजे साधारण ऐंशी हजार रुपये. वर्षाच्या सुरुवातीलाही एवढेच होते, असं त्याने सांगितलं. तोवर त्या वर्षी २४ स्पर्धा खेळून सुमारे ६५ लाख रुपये मिळाले होते आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा न्यूयॉर्कच्या त्या २२,००० डॉलरचा होता. खर्च वर्षाला ऐंशी लाख ते एक कोटी, तोही सोबत एकच प्रशिक्षक फिरवून. फिजिओ वगैरे चैन त्यात नाही. इंडियन ऑइलची नोकरी होती, तिथला पगार येत होता. महाटेनिस फाउंडेशन, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातली संस्था, मदत करत होती. पण मोठा प्रायोजक कुणी नव्हता. जर्मनीतल्या ज्या अकादमीत तो सराव करायचा, तिथे वर्षाचे पहिले तीन महिने पैशाअभावी जाता आलं नव्हतं.

आता याच वर्षातला खेळ बघा. २०२१ च्या शेवटी नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि क्रमवारी पाचशेच्याही खाली घसरली. तिथून उठून त्याने २०२३ मध्ये रोम आणि टॅम्पेरे इथल्या दोन चॅलेंजर, म्हणजे एटीपीच्या मुख्य स्पर्धांच्या खालच्या पायरीवरच्या, स्पर्धा जिंकल्या. खेळाडू म्हणून वर्ष चांगलंच म्हणायचं. तरी हातात शिल्लक शून्य. चॅलेंजरमधून गुण मिळतात, पैसा मिळत नाही, हे या धंद्यातलं पहिलं सत्य.

यादी कशासाठी बनली

एटीपीची संगणकीय क्रमवारी पहिल्यांदा निघाली २३ ऑगस्ट १९७३ ला. अव्वल होता रुमानियाचा इली नास्तासे. त्याआधी कुणाला स्पर्धेत घ्यायचं हे बव्हंशी आयोजक ठरवत. तिकीटबारीवर गर्दी खेचणाऱ्याला आमंत्रण, बाकीच्यांनी नशिबाची वाट बघायची. खेळाडूंच्या संघटनेला हे मोडायचं होतं. म्हणजे यादी जन्माला आली ती प्रवेशासाठी. सर्वोत्तम कोण हे ठरवणं हे तिचं नंतर चिकटलेलं काम. आजही ती वाचायची असेल तर दारावरची यादी म्हणूनच वाचावी.

सुरुवातीला गुणांची सरासरी काढत. त्यामुळे एखादी चांगली स्पर्धा झाली की घरी बसणं फायद्याचं ठरायचं. १९९० पासून सर्वोत्तम निकालांची बेरीज आली. २०२४ मध्ये, आपल्या प्रकरणाच्या काळात, मागच्या बावन्न आठवड्यांतले १९ निकाल मोजले जात: चार ग्रँड स्लॅम, मॉन्टे कार्लो सोडून आठ मास्टर्स (ग्रँड स्लॅमखालोखालच्या १००० गुणांच्या स्पर्धा) आणि बाकी जिथे जास्त गुण मिळाले त्या सात स्पर्धा. स्लॅम किंवा मास्टर्सच्या मुख्य फेरीत ज्याला जागाच मिळत नाही, त्याला तेवढे इतर निकाल जास्त मोजता येतात. हा नियम लक्षात असू द्या, पुढे नागलच्या बाबतीत तोच उलटा फिरला.

गुणांची उतरंड सरळ आहे. स्लॅम विजेत्याला २०००, मग १०००, ५०० आणि २५० च्या एटीपी स्पर्धा. आकडा हेच स्पर्धेचं नाव आणि तेच विजेत्याचे गुण. त्याखाली चॅलेंजर, ५० पासून १७५ पर्यंत. तळाला आंतरराष्ट्रीय महासंघाच्या एम-१५ आणि एम-२५; तिथे आठवडाभर राबून, पाच सामने जिंकून विजेता पंधरा किंवा पंचवीस गुण घेऊन निघतो. हे गुण कायमचे मिळत नाहीत. आपल्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखे ते मुदतीवर मिळतात, फक्त इथे मुदत बावन्न आठवड्यांची. मुदत संपली की आकडा वजा. पुन्हा तेवढेच कमावलेत तर जागेवर राहाल. खेळाडूंच्या भाषेत याला ‘पॉइंट डिफेंड करणं’ म्हणतात.

मेलबर्न, जानेवारी २०२४

स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जागा. त्यातल्या १०४ थेट क्रमवारीवरून भरतात, आठ वाइल्ड कार्ड (क्रमवारी न बघता दिलेली आमंत्रणं), सोळा पात्रता फेरीतून. क्रमवारी कुठल्या दिवसाची? स्पर्धेच्या सहा आठवडे आधीच्या सोमवारची. म्हणजे जानेवारीतल्या ऑस्ट्रेलियन ओपनचा प्रवेश डिसेंबरच्या सुरुवातीलाच ठरून जातो. नागल तेव्हा शंभराच्या बराच बाहेर होता.

आशिया-पॅसिफिक विभागाला एक वाइल्ड कार्ड असतं. त्याच्या निवड स्पर्धेसाठी भारतीय टेनिस संघटनेने नागलचं नाव पाठवलं नाही, कारण डेव्हिस चषकात पाकिस्तानविरुद्ध इस्लामाबादला खेळायला त्याने नकार दिला होता. कोण बरोबर कोण चूक यावर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं. मला त्यातला एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो: डेव्हिस चषकाला २०१६ पासून क्रमवारीचे गुणच नाहीत. ती लढत ३ आणि ४ फेब्रुवारीला होती, हिरवळीवर. चेन्नईची चॅलेंजर ५ तारखेला सुरू होणार होती, हार्ड कोर्टवर. देशासाठी खेळणं आणि क्रमवारीसाठी खेळणं या दोन गोष्टींचं वेळापत्रक एकमेकांना विचारून बनत नाही आणि त्याचा भुर्दंड तळातल्या खेळाडूला बसतो. अव्वल दहातल्याला एक आठवडा गेला तर गेला.

तर नागल १३७व्या क्रमांकावरून पात्रता फेरीच्या रांगेत उभा राहिला. तीन सामने जिंकून आत आला. पहिल्या फेरीत समोर ३१वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिक. ६-४, ६-२, ७-६. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही १९८९ नंतरची पहिली वेळ. तेव्हा याच स्पर्धेत रमेश कृष्णनने अव्वल क्रमांकाच्या मॅट्स विलँडरला हरवलं होतं. दुसऱ्या फेरीत नागल हरला तो चीनच्या शांग जुनचेंगकडून, आणि शांग आला होता वाइल्ड कार्डवर.

मिळालं काय? पात्रतेचे ३० आणि दुसऱ्या फेरीचे ५०, एकूण ८० गुण. आणि १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे जवळजवळ ९८ लाख रुपये. अख्ख्या २०२३ मध्ये सप्टेंबरपर्यंत जेवढं कमावलं, त्याच्या दीडपट, एका पंधरवड्यात. एवढं करूनही क्रमवारी १२१. शंभर अजून लांबच.

चेन्नईचा सोमवार

चेन्नईत १९९७ ते २०१७ एटीपीची स्पर्धा व्हायची. ती पुढे पुण्यात बालेवाडीला आली आणि २०१८ ते २०२३ महाराष्ट्र ओपन म्हणून झाली. घरची स्पर्धा असण्याचा फायदा म्हणजे वाइल्ड कार्ड आपल्या हातात असतात. २०२३ मध्ये पुण्याच्या मानस धामणेला पंधराव्या वर्षी असंच एटीपीच्या मुख्य फेरीत खेळायला मिळालं. २०२३ नंतर तीही गेली. २५० दर्जाचं काहीच देशात उरलं नाही, राहिल्या चॅलेंजर.

त्यातली चेन्नईची १०० दर्जाची. नागल नुंगंबक्कमच्या त्याच जुन्या स्टेडियममध्ये खेळला आणि ११ फेब्रुवारीला अंतिम सामन्यात इटलीच्या लुका नार्डीला ६-१, ६-४ असं हरवलं. शंभर गुण. दुसऱ्या दिवशी, सोमवारी यादी आली: ९८.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर चेन्नईचं विजेतेपद मेलबर्नमधल्या त्या एका विजयाच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. पण क्रमवारीच्या काट्यावर चेन्नई जड. इथे ही व्यवस्था पहिल्यांदा गोंधळात टाकते. पैसा एका ठिकाणी, गुण दुसऱ्या ठिकाणी. खेळाडूला दोन्हींचा पाठलाग करावा लागतो आणि दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच शहरात क्वचित सापडतात.

शंभरच्या आत आल्यावर दारं कशी उघडतात ते पुढच्या चार महिन्यांत दिसलं. मार्चमध्ये इंडियन वेल्सला तो पात्रता फेरीच्या अखेरच्या सामन्यात हरला होता. पण राफाएल नदालने माघार घेतली आणि रिकाम्या जागी ‘लकी लूजर’ म्हणून नागलला बोलावलं. पहिल्या फेरीत समोर मिलोस रावनिच. तोही त्या काळात वेगळ्याच पासवर खेळणारा: दीर्घ दुखापतीनंतर परतणाऱ्याला संरक्षित क्रमवारी मिळते, म्हणजे सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर जुन्या क्रमांकाच्या आधारे काही स्पर्धांत प्रवेश. मानांकन मात्र त्यावर मिळत नाही. सामना रावनिचने घेतला. एप्रिलमध्ये मॉन्टे कार्लोला पुन्हा पात्रता फेरी, पुन्हा आत, आणि मातेओ अर्नाल्डीवर तीन सेटमध्ये विजय. मास्टर्सच्या मुख्य फेरीत मातीच्या कोर्टवर जिंकलेला हा पहिला भारतीय. क्रमवारी ऐंशीवर.

मग जून. पॅरिस ऑलिंपिकचा एकेरीचा प्रवेश १० जूनच्या यादीवरून ठरणार होता. ड्रॉ ६४ चा, त्यातले ५६ क्रमवारीवरून आणि एका देशाचे जास्तीत जास्त चार. नागल होता ९५. नऊ जूनला, रविवारी, जर्मनीत हाइलब्रॉनच्या चॅलेंजरमध्ये त्याने अलेक्झांडर रिटशार्डला तीन सेटमध्ये हरवून विजेतेपद घेतलं. सोमवारी यादीत ७७. एक दिवस आधी. चार दिवस उशिरा जिंकला असता तर तेच शंभर गुण पॅरिससाठी कुचकामी होते. क्रमवारीत आकड्याइतकीच तारीख मोलाची असते, हे इतक्या लख्खपणे क्वचित दिसतं. (गंमत म्हणजे खुद्द ऑलिंपिकला एटीपीचे गुण नाहीत. तिथे तो कोरँता मुते या फ्रेंच खेळाडूकडून पहिल्या फेरीत हरला. क्रमवारीच्या लेखी तो सामना झालाच नाही.)

हाइलब्रॉनपाठोपाठ पेरुजियात अंतिम फेरी. १५ जुलै २०२४ ला क्रमांक ६८. संगणकीय क्रमवारी आल्यापासून विजय अमृतराज, रमेश कृष्णन आणि सोमदेव देववर्मन एवढेच भारतीय याहून वर गेलेले.

चाळीस गुण

आणि इथूनच उतरण लागली. मला वाटतं प्रकरणाचा गाभा हाच आहे आणि कौतुकाच्या बातम्यांत तो सुटला.

शंभरच्या आतल्या क्रमवारीमुळे नागलला सलग चार स्लॅममध्ये थेट प्रवेश मिळाला. फ्रेंच ओपन २०२४: पहिल्या फेरीत खाचानोव्हकडून हार, ७३,००० युरो. विम्बल्डन: केच्मानोविचकडून हार, ६०,००० पौंड. यूएस ओपन: ग्रीकस्पूर, १,००,००० डॉलर. ऑस्ट्रेलियन ओपन २०२५: माहाच, १,३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. रुपयांत बेरीज करा, कर आणि खर्च वजा करण्याआधी अडीच कोटींच्या वर जाते. दीड वर्षापूर्वी ९०० युरोवर बसलेल्या माणसाला हे पैसे म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांच्या फिजिओची, प्रशिक्षकाची, विमानाची सोय.

गुण किती? पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दहा. चार स्लॅमचे मिळून चाळीस. चॅलेंजरमधल्या सगळ्यात खालच्या, ५० दर्जाच्या एका विजेतेपदाहूनही कमी.

आता तो मघाचा नियम आठवा. बाहेर असताना स्लॅमच्या जागी चॅलेंजरचे निकाल मोजता येत होते. आत आल्यावर प्रत्येक स्लॅमचा निकाल १९ पैकी एक जागा अडवून बसतो, मग तो दहा गुणांचा का असेना. चॅलेंजर जिंकून बांधलेली क्रमवारी वरच्या पातळीवर गेली की अशी आतून पोकळ होत जाते. हे टाळायचं तर स्लॅममध्ये दोन-तीन सामने जिंकायला हवेत, नाहीतर अधूनमधून खाली येऊन चॅलेंजर जिंकत राहायला हवं. पण मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीला हरूनही लाखांनी पैसे मिळत असताना, पाठ दुखत असताना, खाली उतरून पाच सामने खेळायला कोण जाईल? मी त्याच्या जागी असतो तर गेलो नसतो. २०२४ च्या उत्तरार्धात पाठीच्या दुखण्याने त्याला गाठलंही. सप्टेंबरमधली स्वीडनविरुद्धची डेव्हिस लढत त्याने त्याच कारणाने सोडली. तेव्हा मानधनाच्या मागणीवरून संघटनेशी पुन्हा जाहीर वाद झाला, तो वेगळा.

मुदती एकेक करून संपायला लागल्या. जानेवारी २०२५: मेलबर्नचे ८० गेले, दहा आले. तेवढ्याने तो शंभरच्या बाहेर. फेब्रुवारी: चेन्नईचे शंभर वजा. एप्रिल: मॉन्टे कार्लो. जूनमध्ये हाइलब्रॉन आणि पेरुजिया एकामागोमाग. वर्षाच्या मध्यापर्यंत क्रमवारी दोनशेच्या पलीकडे. तो सहा महिन्यांत एवढा वाईट खेळाडू झाला होता का? नाही. यादी आजचा खेळ मोजत नाही, मागचे बावन्न आठवडे मोजते. वर जाताना तिने त्याला उशिरा उचललं होतं, उतरताना एकदम सोडलं. यादीचं यात कसब नाही आणि दुष्टावाही नाही, बेरीज-वजाबाकी आहे.

तळाला जाळी

एटीपीला हे कळत नाही असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये, नागलची ती मुलाखत यायच्या थोडं आधी, ‘बेसलाइन’ योजना जाहीर झाली आणि २०२४ पासून लागू झाली. २०२४ साठी हमी अशी होती: पहिल्या शंभरातल्या खेळाडूला वर्षाला किमान ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ मधल्याला दीड लाख, १७६ ते २५० मधल्याला ७५ हजार. स्पर्धांतली कमाई त्याहून कमी पडली तर फरक एटीपी भरणार; ठराविक संख्येने स्पर्धा खेळल्याची अट आहे. दुखापतीने वर्ष वाया गेलेल्यांसाठी वेगळी, थोडी कमी रक्कम आहे.

नागलचे २०२३ चे ६५ लाख म्हणजे ऐंशी हजार डॉलरही भरत नाहीत. योजना एक वर्ष आधी आली असती, तर त्याच्या पट्ट्यातल्याला दीड लाखाची हमी होती. चांगलं पाऊल आहे, पण अडीचशेपाशी थांबतं. भारतातले एकेरीचे जवळपास सगळे खेळाडू त्या रेषेच्या पलीकडे, एम-१५ आणि एम-२५ च्या जगात आहेत. तिथे हॉटेल, प्रवास, रॅकेटच्या तारा हे सगळं बक्षिसातून निघत नाही. घरचे पैसे, संघटनेची मदत किंवा नोकरी लागते. नागल स्वतः इंडियन ऑइलच्या पगारावर तगला होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या आशिया-पॅसिफिक वाइल्ड कार्डची निवड स्पर्धा चीनमध्ये चेंगदूला होती. या वेळी नागलला जायचं होतं, पण व्हिसा नाकारला गेला आणि त्याला समाजमाध्यमावर चिनी दूतावासाला जाहीर विनंती करावी लागली. क्रमवारी तेव्हा अडीचशेच्याही खाली, म्हणजे बेसलाइनच्या रेषेबाहेर.